घुमट मुलांच्या हाती यावे

महोदय,

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली की आमच्या वाड्यावरील देवळाच्या मंडपात रात्री घुमट आरतीची, म्हणजे घुमट या मातीच्या भांड्यावर कातडे ताणलेल्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या आरतीची, तालीम सुरू होते आणि शाळा-कॉलेजातली मुले जाणत्यांच्या शेजारी येऊन बसतात. डाव्या तळव्याने घुमटाचे लहान तोंड कधी झाकायचे आणि कधी मोकळे सोडायचे, हे जवळून हात पाहिल्याशिवाय उमगत नाही. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळ्यांबरोबर (झांजांबरोबर) लय धरणेही तिथेच अंगवळणी पडते. गोवा सरकारने 2019 साली घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. घुमटाला पूर्वी लावल्या जाणाऱ्या घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे; पण त्याऐवजी लावलेले बकऱ्याचे कातडे पावसाळी हवेत सैल पडते, आणि भांडे हातून निसटले तर वाद्यच संपते. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाचे घुमट असेच फुटले, तेव्हा आरतीच्या ताटात जमलेल्या पैशांतून मंडळींनी त्याला नवे घेऊन दिले. प्रत्येक देवस्थान समितीने विद्यार्थ्यांच्या वाद्यांसाठी अशी थोडी रक्कम राखून ठेवावी, मुलींनाही या बैठकीत आग्रहाने बोलवावे आणि चवथीनंतरही आठवड्यातून एक रात्र मंडप तालमीसाठी उघडा ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, फोंडा