सिकलसेलग्रस्त मुले आणि न दुखणारे धोके

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाच्या सुमारास वृत्तपत्रांतून या आजाराविषयी लेख येतात. त्यांत विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचे चित्र असते, अंगदुखी आणि थकव्याची माहिती असते, लग्नाआधी रक्त तपासून घेण्याचा सल्ला असतो. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या घरात हा आजार असलेले मूल आधीच आहे, त्या आईवडिलांच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना मला सतत जाणवते की, मूल कळांनी विव्हळू लागले की पालक धावत येतात, मात्र ज्या गुंतागुंती फारशा दुखत नाहीत त्यांच्याबाबत उशीर होतो, आणि लहान वयात जिवावर बेतते ते बहुधा त्यांच्यामुळेच.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात सर्वांत फसवी ठरते ती पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा. विळ्यासारख्या झालेल्या पेशी तिच्यात अडकल्या की ती काही तासांत फुगते, अंगातले बरेचसे रक्त तिच्यातच साठून राहते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येते. मूल पांढरेफटक पडते, मलूल होते, पोट फुगलेले दिसते. घरच्यांना वाटते, अपचन झाले असेल. वास्तविक पानथरी चाचपणे कोणत्याही आईला शिकता येते. मूल शांत असताना त्याला उताणे निजवावे, गुडघे थोडे दुमडावेत आणि पोटाच्या डाव्या बाजूने बोटांची टोके खालून वर, हलक्या हाताने, बरगडीच्या कडेपर्यंत न्यावीत. टणक कड लागली तर ती बरगडीखाली किती बोटे आहे, हे लिहून ठेवावे. (बोटे दरवेळी एकाच व्यक्तीची असावीत, नाहीतर मापाला अर्थ राहत नाही.) कड नेहमीपेक्षा खाली लागली आणि मूल फिकट दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. जमैकात पालकांना हे शिकवल्यानंतर या कारणाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले.

रक्तातले जंतू गाळणारी हीच पानथरी पुढे निकामी होते आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंना रक्तात मोकळे रान मिळते. म्हणून अशा मुलाला १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला की तो साधा ताप समजून घरी औषध देत बसणे धोक्याचे असते. दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिल्यास हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, असे १९८६ मध्येच दिसून आले. तरीही मूल हसतेखेळते आहे म्हणून गोळ्या मध्येच बंद करणारे पालक आजही भेटतात. किमान पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत त्या चालू ठेवाव्या लागतात, लसीकरण त्याशिवाय.

मेंदूची बाब तर याहून गप्प. पक्षाघाताचा झटका येण्याच्या कितीतरी आधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग वाढलेला असतो आणि सुई न टोचता, ध्वनिलहरींनी होणाऱ्या डॉपलर तपासणीत तो कळतो. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त चढवल्यास पहिल्या झटक्याचा धोका ९२ टक्क्यांनी घटतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत ही तपासणी दरवर्षी व्हावी. काही मुलांच्या मेंदूत झटका न येताही बारीक इजा होत राहतात. अभ्यासात अचानक मागे पडणाऱ्या अशा मुलाला आळशी ठरवण्याआधी शिक्षकांनी पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपण पुढच्या जूनमध्ये या विषयाला जागा द्याल तेव्हा पानथरी चाचपण्याची रीत चित्रासह छापावी. आणि आपले वाचक असलेल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर हिमोग्लोबिनच्या शेजारीच पानथरीचे नेहमीचे माप आणि पुढच्या डॉपलरची तारीख लिहून द्यावी, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्याच रुग्णालयात मूल आले तरी तिथल्या डॉक्टरांना तुलनेला काहीतरी आधार मिळेल.

आपली विश्वासू,
एक परिचारिका