टिपाडाचं झाकण

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

पुण्याला सुखरूप पोचले. शेंगाचटणीची बरणी आल्या आल्या निम्मी झाली, कडक भाकऱ्या तेवढ्या जपून ठेवल्यात. खरं तर फोनवरच बोलणार होते. पण फोनवर आई "बरं, बरं" म्हणून विषय मिटवते आणि बाबा फोन आईकडे देतात. म्हणून हे पत्र.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे साडेतीनला नळ सूं सूं करायला लागला आणि आई उठली. मी अंथरुणातूनच बघत होते. तिनं आधी टिपाड आडवं केलं. आत तिसरा हिस्सा तरी पाणी होतं. ते फरशीवरून पायरीवर, पायरीवरून गल्लीत आणि तिथून गटारीत गेलं. मग दोन्ही कळशा, मग स्टीलचं पिंप. मी म्हटलं, "अगं, स्वच्छ आहे की." तर म्हणाली, "शिळं पाणी ठेवून काय करू? ताजं येतंय की."

तेव्हा गप्प बसले, पण बसमध्ये हिशेब केला. एका वेळचं सगळं मिळून 70 लिटर धरू. आपल्याकडे पाणी चार दिवसांआड, म्हणजे महिन्यातून सहा वेळा. झाले 420 लिटर. वर्षाला 5000 लिटर, म्हणजे एक अख्खा टँकर आपण गटारीला पाजतो. आणि ते पाणी काय शेजारच्या आडातलं आहे का? उजनी धरणातून सोलापूरपर्यंत शंभरावर किलोमीटर पाइपातून, वीज जाळून पंपांनी ढकलत आणलेलं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं, तेव्हा रोज सकाळी पेपरातला टक्का मोठ्यानं कोण वाचायचं, बाबा?

आईचं सगळंच चूक आहे असं नाही. पाणी भाजीसारखं विटत नाही, पण त्यातलं क्लोरीन दिवसागणिक उडतं आणि उघड्या टिपाडात धूळ पडते. शिवाय डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तिथून नवे डास उडतात. तेव्हा प्यायला ताजंच भरा. पण प्यायचं नाही म्हणजे ओतून द्यायचं, हे कुठलं? उरलेलं पाणी नळ यायच्या आदल्या रात्री बादल्यांत काढून ठेवायचं. त्यात सकाळी कपडे भिजतील, संडास-मोरी होईल, मोगऱ्याला जाईल. मग रिकामं टिपाड आतून काथ्यानं खसखसून घासायचं, कारण अंडी पाण्यात कमी आणि कडेला चिकटलेली जास्त असतात. आठवड्यातून एकदा "कोरडा दिवस" पाळा म्हणतात, तो याच्यासाठी.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी तुम्ही नको नको म्हणत असताना आरओ मशीन मीच बसवलं. एक लिटर गोड पाण्यामागे ते दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि ती बारकी नळी मीच सिंकमध्ये सोडायला लावली. ती बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला चालेल. झाडांना नको, त्यात क्षार जास्त असतात, तुळस माना टाकेल. पुढच्या खेपेला मी टीडीएस मीटर आणते. पाण्यातले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची गरज नाही, असं हरित लवादानं 2019 मध्येच म्हटलंय. आपल्या नळाचं तेवढं निघालं तर नुसत्या किरणांनी जंतू मारणारं साधं यूव्ही मशीन बसवू आणि हे काढून टाकू. पैसे गेले ते माझे गेले, बाबांनी टोमणा मारला तरी चालेल.

एसीचं एकच सांगते. 18 वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही, मशीन जास्त वेळ घरघरतं एवढंच. 24-25 वर ठेवा आणि पंखा हळू सोडा. एकेक अंश वर नेला की साधारण 6 टक्के वीज वाचते. आणि माळ्यावरचा कूलर उतरवा हो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाला कूलरच लागू पडतो, वीज एसीच्या पाव हिश्शाहूनही कमी खातो. आईच्या शिळ्या पाण्याचीही तिथे सोय झाली. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा परत माळ्यावर.

कडुनिंबाचा पाला बाबा रोज सकाळी पेटवतात, त्याबद्दल भांडायचं होतं. पण आईच्या खोकल्याचं कारण तोच धूर असेल असं मी म्हटल्यावर ते दोन दिवस नुसताच ढीग लावत होते, म्हणून सोडून देते. तो ढीग मोगऱ्याच्या आळ्यात पसरा, माती सुकायची नाही.

बाकी मला तुम्हाला शिकवण्यासारखं काही नाही. जुन्या चादरीचं आधी अंथरूण, मग पायपुसणं, मग फडकं करणाऱ्या आईला मी इथून काय सांगणार? माझ्या घरात ऑनलाइन खरेदीचे खोके कपाटावर छताला टेकलेत.

टिपाडाला झाकण मात्र हवंच. सध्याची परात हलते आणि एका बाजूनं फट राहते, डासाला तेवढी पुरते. बाबा, टिपाडाच्या तोंडाचं माप कळवा. वितीनं नका मोजू, टेपनं मोजा, आणि काठासकट.

तुमची,
ताई