स्विंडनहून दादाला, मावशीच्या धाकट्याच्या केसबद्दल

स्विंडन, इंग्लंड
रविवार

ती. दादास साष्टांग नमस्कार,

कागदांचे फोटो मिळाले. धाकट्याने शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानदाराला दगड मारला, त्याच्या डोक्याला पाच टाके पडले, काच फुटली आणि पोलिसांनी धाकट्याला पकडलं, एवढं कळलं. काल फोनवर कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. मावशी रडत होती, काका मागून "वेडा आहे म्हणून लिहून द्या, सुटतो की नाही बघा" एवढंच धरून बसले होते. म्हणून सविस्तर लिहितेय. प्रिंट काढून म्हापशाच्या वकिलांना दाखव. मी काही वकील नाही, कायद्यातला शेवटचा शब्द त्यांचाच. पण नर्सिंग बांबोळीला झालं, आणि आता इथे कोर्टाच्या कोठडीत पकडून आणलेल्या माणसांची मनःस्थिती तपासणं हीच माझी नोकरी. तेव्हा काही गोष्टी मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतात.

सगळ्यात आधी गोळ्या. कोर्ट नंतर. फोटोत आयपीएचबीच्या, म्हणजे बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या, पेपरावर क्लोझापिन ही मानसिक आजारावरची गोळी लिहिलेली दिसतेय. ही गोळी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त चुकली तर आधीच्याच डोसवर परत चालू करता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत न्यावी लागते, नाहीतर रक्तदाब धाडकन पडतो. तो शुक्रवारी दुपारी पकडला गेला, म्हणजे हिशेब तूच कर. कोलवाळच्या तुरुंगातल्या डॉक्टरांना हे कुणीतरी लेखी कळवलंच पाहिजे. घरच्या डब्यातून गोळ्या नेऊन कुणाच्या हातात कोंबू नका. ओपीडीच्या पेपराची झेरॉक्स, शेवटच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि 'शेवटची गोळी अमुक दिवशी घेतली' असा दोन ओळींचा अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. अजून एक, हसू नकोस: तो बिड्या किती ओढतो ते त्यात लिहा. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. आत बिडी बंद झाली की तोच डोस अंगावर येतो. गडी दिवसभर झोपाळलेला, लाळ गळतेय, आणि बाकीचे म्हणणार नाटक करतोय.

आता काकांचं 'वेडा म्हणून लिहून द्या'. कोर्टात हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घरात तुम्ही सगळे त्यांची खिचडी करताय. पहिला प्रश्न: दगड मारला त्या क्षणी त्याची मनःस्थिती काय होती? दुसरा: आज खटला समजून घेऊन वकिलाला नीट सांगण्याच्या अवस्थेत तो आहे का? पहिल्याचं उत्तर खटल्याच्या शेवटी मिळतं, दुसऱ्याचं आत्ता हवंय.

पहिल्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे, जुन्या दंडसंहितेचं (आयपीसीचं) ८४. ते फार अरुंद दार आहे. आजार असणं पुरत नाही. आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे आजारामुळे कळतच नव्हतं, असं दाखवावं लागतं, आणि दाखवायचं ओझं आपल्यावर. ते कितपत, हे सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात सांगून ठेवलंय: तसं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं पटलं तरी चालतं, संशयातीत पुरावा लागत नाही. पण आपल्या पोराचं बघ. मोबाइलवाला आपलं बोलणं चोरून ऐकतो म्हणून दगड मारला, हे आजाराचंच. मात्र मारल्यावर तो पळाला. सरकारी वकील हेच पळणं धरून बसणार: चूक कळत होती म्हणूनच पळाला ना?

या कलमाचं मूळ इथलंच, इंग्लंडचं. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या ग्लासगोच्या सुताराला वाटत होतं, सत्ताधारी पक्षाची माणसं आपल्या पाठीवर आहेत. त्याने लंडनमध्ये पंतप्रधान पील यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, तो काही दिवसांनी वारला. ज्यूरीने मॅकनॉटनला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. केवढा गहजब झाला, खुद्द राणी भडकली, आणि त्यातून न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले तेच १८६० मध्ये आपल्या दंडसंहितेत उतरले. पण काकांना पुढचं सांग. 'निर्दोष' मॅकनॉटन घरी गेलाच नाही. आधी बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात, मग ब्रॉडमूरच्या गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळात, आणि तिथेच १८६५ मध्ये वारला. आजही आपल्याकडे या कारणावरून सुटलेल्या माणसाला कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवायचा हुकूम देऊ शकतं, किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवू शकतं. आणि निकालपत्रात 'कृत्य याने केलं' असं स्पष्ट लिहिलेलं असतं ते वेगळंच. पाच टाक्यांच्या केससाठी एवढी मोठी तोफ कशाला डागायची? ते कलम वकिलांच्या हातात राहू दे, लागलं तर शेवटी आहेच.

दुसरा प्रश्न आत्ताचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेची (खटला चालवायच्या पद्धतीचा कायदा) कलमं ३६७ ते ३६९ वकिलांना उघडायला लाव. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीला पाठवतात, आपल्याकडे बहुधा बांबोळीलाच. तो तसा ठरला तर खटला थांबतो. इथे एक खड्डा आहे. खटला थांबला म्हणजे माणूस सुटला असं नाही. आसामच्या मचांग लालुंगला १९५१ मध्ये पकडलं, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं, तर घरी न पाठवता तुरुंगात नेऊन टाकलं. सुटला २००५ मध्ये. चोपन्न वर्षं. खटला एकदाही उभा राहिला नाही. का? मागे लागायला कुणी नव्हतं, एवढंच. आपल्या पोराच्या मागे तू आहेस म्हणून मी घाबरत नाही, पण 'तपासणीला पाठवा' एवढा अर्ज करून गप्प बसू नका.

त्याच्या जोडीने कलम ३६९ मागा. त्यात म्हटलंय की इस्पितळात दाखल करायची गरज नसेल आणि कुणी नातेवाईक किंवा मित्र नियमित ओपीडी उपचार करून घ्यायची, आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा होऊ न देण्याची हमी देत असेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, कोर्टाने जामिनावर सोडायचंच. तो खटला समजण्याच्या स्थितीत आहे असं ठरलं, तर नेहमीचा जामीन अर्ज, त्याला ओपीडीची फाइल जोडून. दोन्ही वाटांना फाइल लागते, आणि हमीवर सही करणारा माणूस लागतो. तो माणूस काका नकोत. त्यांना अजूनही तो आळशी वाटतो. मावशीला जमेल, पण तिला म्हापसा, बांबोळी, डिचोली करवणार नाही. तू सावंतवाडीहून दोडामार्गमार्गे तासा-दीड तासात पोचतोस. तूच कर सही, वहिनीला विचारून. आणि सही करायच्या आधी नीट विचार कर, ती नुसती कोर्टाच्या समाधानासाठी नाही. महिन्याचं रक्त, रोजची गोळी, सगळं तुझ्या डोक्यावर येईल.

फाइल बाहेर काढायला मावशी का कू करतेय ते कळलं. धाकटीचं बघतायत, डिचोलीभर होईल. अगं बाई, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारी बारा वाजता जे झालं ते झाकायचं काय राहिलं? वकिलांना सांग, कागद बंद लिफाफ्यात देऊ द्या म्हणून विनंती करता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायची सांगितलीय. त्याच कायद्यात रुग्णाला स्वतःच्या उपचाराचे कागद मिळण्याचा आणि फुकट कायदेशीर मदतीचा हक्क आहे. वकिलांची फी काकांना जड होत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीत असलेल्या कुणालाही ती मदत मिळते. लाज वाटून घेऊ नका.

कौल लावायचा म्हणतायत, तो लावू दे. देवळात गाऱ्हाणं घातलं म्हणून मावशीला रात्री झोप लागत असेल तर माझी काही हरकत नाही. मागच्या वेळी नवस बोलला म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या, तेवढं या वेळी करू नका म्हणावं.

तू लिहिलंस की पोलिसांनी विचारलं आणि त्याने सगळं कबूल केलं, बाजूच्या दुकानातला गल्ला फोडल्याचंसुद्धा, जे त्याने केलेलंच नाही. मला याचं नवल वाटलं नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही हे वकील सांगतीलच. पण असं का होतं ते तुला माहीत असू दे. आजारी, घाबरलेला, झोप न झालेला माणूस समोरच्याला काय हवंय ते ओळखून 'हो' म्हणतो. गिस्ली गुडजॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने इथे याची मोजपट्टीच बनवली. १९७२ च्या कॉन्फेट खून खटल्यात तीन पोरांचे कबुलीजबाब घेतले होते, त्यातल्या एकाची समज आठ वर्षांच्या मुलाएवढी. तीन वर्षांनी शिक्षा रद्द झाल्या. त्यानंतर पोलिसांच्या अधिकारांचा १९८४ चा कायदा आला, आणि आता अशा माणसाला प्रश्न विचारताना शेजारी एक त्रयस्थ मोठं माणूस बसावंच लागतं. खरं तर हे पहिल्यांदा बोलला तो आपल्या कांदोळीचाच. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे ना, हात पुढे केलेला? पॅरिसमध्ये तो सांगत होता की मोहनिद्रा संमोहन करणाऱ्याच्या हातातून येत नाही, समोरच्याच्या मनातूनच येते. पोलीस ठाण्यातही तसंच. तेव्हा वकिलांना गल्ल्याची गोष्ट वेगळी काढून सांग. त्या वेळी तो कुठे होता, कुणी पाहिलं, ते आत्ताच लिहून ठेवा. महिन्याभराने बाजारातल्या लोकांच्या आठवणी एकमेकांच्या बोलण्याने बदललेल्या असतात, खोटं बोलायचं नसलं तरी.

इकडे कसं असतं विचारलंस. सकाळी कोठडीच्या दाराची छोटी खिडकी उघडते, आत निळी गादी, कागदी कपात गार झालेला चहा. मी नाव सांगते, आणि पहिला प्रश्न नेहमी साधा: इथे का आणलंय ते सांगशील? मागे एक पोरगा हे ऐकून नुसता हसत राहिला. कोर्टात उभा राहिल्यावरही तेच हसू. फिर्यादी बाई समोर बसलेल्या, त्यांचा चेहरा मला बघवेना. त्याला हसू येत नव्हतं रे दादा, तो आतल्या आवाजाला उत्तर देत होता. मी त्याआधी दिलेल्या एका पानात ते लिहिलं होतं म्हणून मॅजिस्ट्रेटनी थांबून घेतलं. खटल्यात सापडलेल्या मनोरुग्णांवरच्या लॉर्ड ब्रॅडलींच्या २००९ च्या अहवालानंतर हे असं पान देणारी माणसं इथल्या कोर्टांत बसवली. म्हणून इथलं सगळं गोड आहे असं समजू नकोस. तुरुंगातून इस्पितळात हलवायला अठ्ठावीस दिवस ठरवलेत आणि माणसं त्याच्या कितीतरी पुढे खितपत पडतात.

आपल्या पोराचा चेहरा तर तुला माहीत आहे, लाकडासारखा. औषधाने आणि आजाराने दोन्हींनी. साहेबांना वाटेल, याला कशाचंच काही वाटत नाही. वकिलांनी ते आधीच सांगायला हवं, एका वाक्यात. तारखेला त्याला स्वच्छ शर्ट मिळेल असं बघा, आणि मावशीने त्याला दिसेल अशा जागी बसावं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं.

शेवटचं त्या दुकानदाराबद्दल. फोनवर कुणीच त्याचं नाव काढलं नाही. टाके त्याच्या डोक्याला पडलेत, दुकान त्याचं बंद आहे. काचेचे पैसे द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे, केसचं काहीही होवो. पण परस्पर त्याच्या घरी जाऊ नका, साक्षीदारावर दबाव आणला म्हणून उद्या तेच अंगावर येईल. वकिलांमार्फत विचारा. माझ्याकडून त्यासाठी पैसे पाठवते, काकांना सांगायची गरज नाही.

वहिनीच्या गुडघ्याला ती बेल्ट चालली का? पुढच्या वेळी येताना मोठ्या मापाची आणते. इथल्या गोंयकारांच्या दुकानात सोलं मिळायला लागली, पण आईच्या सोलांची सर नाही.

अर्ज तयार झाला की दाखल करायच्या आधी फोटो पाठव, औषधांची नावं आणि डोस मी तपासून देते. माझी ड्युटी चारला सुटते, तेव्हा तुमचे साडेआठ. त्यानंतर केव्हाही फोन कर. आईला नमस्कार.

तुझी,
बाय