जाळ्यातले मासे आणि पडवीतले आम्ही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात आपल्या पुरवणीत सुट्टीत मुलांना काय काय दाखवावं याची यादी आली होती. त्यात अ‍ॅनिमेशनपटांबद्दल एवढंच लिहिलं होतं की, ते लावून दिले की मुलं दोन तास जागची हलत नाहीत आणि मोठ्यांना आपली कामं उरकता येतात. तेव्हा मी पान उलटून पुढे गेले. जूनमध्ये आमच्या घरी जे झालं त्यानंतर मात्र ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

आम्ही देवबागचे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या माडांच्या चिंचोळ्या पट्टीत आमचं घर. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि पुरुषमंडळी जाळी घेऊन पडवीत बसतात. अशाच एका पावसाच्या दुपारी मुंबईहून आलेल्या आमच्या नातवाने टीव्हीवर 'फाइंडिंग निमो' लावला. शेजारची सात-आठ पोरं गोळा झाली. चित्रपट इंग्रजीतला, त्यामुळे नातू मध्ये मध्ये सांगायचा आणि शेजारचा एक मोठा मुलगा तेच मालवणीत इतरांना सांगायचा. मी तांदूळ निवडत होते. यजमान आणि त्यांचे दोन चुलतभाऊ जाळ्याची फाटकी बाजू सांधत होते. टीव्हीकडे कोणाची पाठ, कोणाची कूस. अर्ध्या तासाने तिघांचीही तोंडं टीव्हीकडे होती आणि सुतळीचा गुंडा घरंगळत अंगणाकडे गेला होता.

गोष्ट आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. समुद्रफुलात राहणारा मार्लिन नावाचा नारिंगी-पांढरा मासा. सुरुवातीलाच एक बराकुडा येतो आणि मार्लिनची बायको जाते, शेकडो अंडी जातात. उरतं एकच अंडं. त्यातला निमो, त्याचा एक पर जन्मतःच आखूड. बाप इतका धास्तावलेला की पोराला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पोरगं चिडून उघड्या समुद्रात जातं आणि एक पाणबुड्या त्याला पकडून सिडनीच्या एका दाताच्या डॉक्टरच्या काचेच्या टाकीत नेऊन सोडतो. मग बाप अख्खा समुद्र पार करत त्याला शोधायला निघतो.

ही विनोदी चित्रपटाची गोष्ट आहे यावर ऐकून विश्वास बसत नाही. पण हसू येतं आणि ते त्या भीतीतूनच येतं. जात विदूषक माशाची, म्हणून भेटेल तो मार्लिनला विनोद सांगायला सांगतो आणि त्याला एकही धड सांगता येत नाही. पोरं त्याची फजिती बघून हसतात. आपण हसतो कारण आपल्याला तो माणूस माहीत असतो. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी सांगितलेली एक आठवण आहे. ते लहान मुलाला बागेत फिरायला घेऊन गेले आणि सगळा वेळ 'हात लावू नकोस, जपून, पडशील' यातच गेला. मुलाबरोबरचा तो वेळ हातचा निसटला हे त्यांना लागलं आणि चित्रपटाचं बीज तिथे पडलं.

आता आमच्या घरातलं सांगते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा आमचे यजमान समुद्रात होते. ते परत आले. किनारपट्टीवरच्या कितीतरी घरांतले आले नाहीत. आमचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याला होडीवर जायचं होतं. त्या दिवसानंतर यजमानांनी त्याला होडीला हात लावू दिला नाही. बापलेकांत दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं. शेवटी तो मुंबईला नोकरीला गेला. त्या दुपारी 'निमो' बघत होता तो त्याचाच मुलगा आणि शेजारी आजोबा बसले होते. चित्रपटात एका ठिकाणी मार्लिन म्हणतो की, पोराला कधीच काही होऊ देणार नाही असं मी त्याला वचन दिलं आहे. त्यावर त्याची विसराळू मैत्रीण डोरी भोळेपणाने विचारते, कधीच काही होऊ दिलं नाहीस तर त्याचं कधी काही होणारच कसं? नातवाने याचा अर्थ सांगितला तेव्हा पोरं हसली. यजमान उठून पागोळ्यांखाली जाऊन उभे राहिले. रात्री त्यांनी मुंबईला फोन लावला आणि मुलाशी पाऊण तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

संपादक महोदय, असा चित्रपट लावून मोठ्यांनी आपली कामं उरकायची असतात का?

शेवटाकडे एक प्रसंग आहे. डोरी इतर शेकडो माशांबरोबर मोठ्या जाळ्यात सापडते, जाळं यारीने, म्हणजे क्रेनने, वर ओढलं जातं आणि लहानगा निमो आत शिरून सगळ्यांना एकदम खाली पोहायला सांगतो. नेमकी तेव्हाच वीज गेली. पोरांनी आरडाओरडा केला. पण पुढच्या पाऊण तासात आमच्या पडवीत जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. धाकट्या चुलतदिरांचं म्हणणं, हे जाळं वरून टांगलेलं आहे, सगळा भार एका यारीवर, मासे एका दमात खाली गेले तर यारी मोडलीच पाहिजे. थोरले म्हणाले, आमच्या रापणीत हे चालायचं नाही. रापण होडीतून अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात, वर बोये, खाली वजनं, मासा खाली जाऊन जाणार कुठे? पोरं कान देऊन ऐकत होती. मुंबईच्या नातवाला रापण म्हणजे काय, दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाला त्यात वाटा कसा मिळतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वीज आली, मासे खाली पोहू लागले आणि जन्मभर मासे मारलेले थोरले चुलतदीर ओरडले, "खाली चला रे, खाली! आता ह्यां जाळां फाटतलां!" यारी मोडली, मासे सुटले आणि पडवीत टाळ्या पडल्या. मासे कमी झालेत, पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळीवाल्यांनी, समुद्र खरवडून नेला म्हणून सालभर तळमळणारी ही माणसं. तरी त्या घटकेला ती माशांच्या बाजूची होती, कारण तोवर त्यांच्यापुढे मासे उरलेच नव्हते, हरवलेलं पोर आणि त्याचा बाप होता.

मला त्या क्षणी विजयाताई मुळे यांचा 'एक, अनेक और एकता' हा छोटा अ‍ॅनिमेशनपट आठवला. १९७४ सालचा, सात मिनिटांच्या आसपासचा, दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा लागायचा. त्यात चिमण्या पारध्याचं जाळं घेऊनच उडतात. तीच गोष्ट त्याआधी कितीतरी शतकं चित्रग्रीव कबुतराच्या नावाने आपल्याकडे सांगितली जात होती. चिमण्या वर उडाल्या, मासे खाली पोहले. सिडनीचा समुद्र आमच्या पडवीत परका वाटला नाही याचं एक कारण हेही असेल.

दुसरं कारण दशावतार. थंडीत जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्रभर खेळ चालतो. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो. मांडीवरची पोरं त्याच्या उड्यांना हसतात आणि मागे बसलेली म्हातारी माणसं त्याच्या तोंडून निघालेल्या गावच्या चिमट्यांना हसतात. हसणं एकाच वेळी, कारणं वेगळी. आजवर कोणी त्याला पोरांचा खेळ म्हटलं नाही. चांगला कौटुंबिक विनोदी अ‍ॅनिमेशनपट हेच करतो. चित्रपटातले कुरव पक्षी घास दिसला की 'माझं, माझं' असं एकसुरात ओरडतात. पोरं पुढचे आठ दिवस तसंच ओरडत वाडीभर फिरली. आम्हाला किनाऱ्यावरचा माशांचा लिलाव आठवला.

सगळंच पटलं असं नाही. कासवाचा बाप पिल्लाबरोबर मजेत पोहतो तिथे वायंगणीहून आलेला आमच्या जावेचा नातू म्हणाला, "कासवाचो बापूस असो पोरावांगडा रवणा नाय." त्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, वाळू लोटून निघून जातात आणि दीडेक महिन्याने पिल्लं आपली आपण पाण्याकडे धावतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. त्याचं बरोबर आहे. पण विदूषक माशाचा नर मात्र अंड्यांची राखण खरंच करतो, परांनी त्यांना वारा घालतो. म्हणजे गोष्टीच्या मुळाशी समुद्राचं खरं आहे.

आमच्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी रापणीला कोण कोण होतं ती नावं त्या न चुकता सांगतात. डोरीही तशीच. सगळं विसरते आणि पाणबुड्याच्या चष्म्यावर वाचलेला सिडनीचा पत्ता तेवढा घोकत राहते. आजी तेच तेच विचारते म्हणून आमचा नातू आधी वैतागायचा. चित्रपटानंतर तो त्यांना घरात सगळ्यांसमोर 'आमची डोरी' म्हणू लागला. त्या रोज विचारतात, "त्या माशाक झील गावलो काय रे?" म्हणजे त्या माशाला मुलगा सापडला का, आणि तो रोज सांगतो, "गावलो गो आजी."

पण त्या दिवशी त्यांना संवादातला एक शब्दही कळला नव्हता. दोन पोरांच्या तोंडून, तुकड्यातुकड्याने जेवढं पोचलं तेवढंच. असे चित्रपट हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत आवाज देऊन येतात. मराठी माणसाचं हिंदीवर भागतं असं धरून आपल्याला बहुतेक वेळा वगळलं जातं. पोराटोरांचं भागत असेलही, आमच्या सासूबाईंचं भागत नाही. शिवाय अ‍ॅनिमेशनपटात आधी आवाज ध्वनिमुद्रित करतात आणि मग त्यावर चित्रं हलवतात. पडद्यावर कोणा नटाचा चेहरा नसतो, त्यामुळे मासा मराठीत बोलला तर कोणाला खटकणार नाही. रंगभूमीवरचे इतके ताकदीचे आवाज आपल्याकडे आहेत. एखादं पात्र, निदान एखादा खेकडा किंवा म्हातारं कासव, मालवणीत बोललं तर इथली घरंच्या घरं ते बघायला बसतील.

आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी. आणि पुढच्या मे महिन्यात सुट्टीची यादी छापाल तेव्हा या चित्रपटांपुढे 'आजी-आजोबांसह बघावेत' एवढे तीन शब्द घालावेत.

आपली,
एक वाचक
देवबाग, ता. मालवण