रिकामा डबा

प्रिय शालू,

आठ महिने पत्र नाही. तुझा फोन दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलून 'नंतर करते' म्हणाले. ते नंतर आज आलं. फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच ओरडली असतीस आणि मी फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहितेय. गुडघा आहे तसाच, गोळी चालू आहे. तब्येतीचं संपलं.

तर ऐक. गेले सहा महिने मी पाळणाघरातल्या पोरांचे उरलेले डबे उष्ट्याच्या बादलीत रिकामे करतेय आणि आयांना दाखवायच्या वहीत 'सगळं खाल्लं' लिहितेय.

आता ओरडून घे. मी थांबते.

सुरुवात तुझ्याच 'जबरदस्तीने भरवायचं नाही' या नियमापासून झाली, हे तुला खोटं वाटेल. तू गेल्यावर मावशी पुन्हा जुन्या वळणावर गेल्या. मांडीत आडवं घ्यायचं, गाल दाबायचे, तोंड उघडलं की चमचा आत. रडतं पोर तोंड उघडतंच, त्याला काय! एकदा ठमीला असं भरवताना मी आत आले. पोर हुंदक्याला श्वास आत ओढतंय आणि तोंडात गाजराचा घास. माझ्या अंगावर काटा आला. मावशींना तुझ्याच शब्दांत झापलं: खोकतंय, लाल झालंय, आवाज करतंय तोवर घास त्याचं तेच बाहेर काढतंय, आवाज बंद झाला की समजायचं श्वास अडकला. आणि ज्याला रडवून भरवलंय, त्याच्या रडण्यातून हा फरक कळणार कसा? मग सगळ्यांना पुन्हा शिकवलं. वर्षाच्या आतलं मूल असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. घास दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. बाहुलीवर करून दाखवलं. मावशींनी बाहुलीला अशा थापा मारल्या की तिचं डोकंच निखळलं. दोन मिनिटं कुणालाच हसू आवरेना.

आणि तुझी क्लारा डेव्हिसची, त्या अमेरिकेतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंची, गोष्ट सांगितली. ती मी तुझ्याकडून निदान पन्नास वेळा ऐकली असेल, पण सांगताना कळलं की मला अर्धीच येते. १९२८ सालच्या लेखातलं तेवढं आठवत होतं: नुकती अंगावरून तुटलेली बाळं, समोर साधे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत, आणि परिचारिकेने चमचा हातात धरून नुसतं बसायचं. मुलाने वाटीकडे हात केला तरच चमचा भरायचा. मुडदूस झालेलं एक पोर आपणहून कॉडलिव्हर तेल पीत होतं, बरं झाल्यावर प्यायचं थांबलं, हेही सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग आपण बिस्किटं ठेवू की वाटीत, आपणहून खातील." तेव्हा तुझं उरलेलं अर्धं आठवलं. मेख त्या वाट्यांतच होती. साखर नव्हती, मैदा नव्हता, मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते मुलांनी.

तर जबरदस्ती बंद झाली. आणि डबे अर्धे परत जायला लागले.

संध्याकाळचं दार तुला माहीत आहे. आया धापा टाकत येतात. झोपला का, रडला का, पडला का, काही नाही. पहिला प्रश्न: "डबा संपवला?" ठोंब्याच्या आईने एकदा झाकण उघडलं. आत मसुराची घोटलेली डाळ आणि भात, वर वाळून साय धरलेली, तिच्या हातून आलेली तशीच. ती काही बोलली नाही. झाकण नीट लागेना, तर तीन वेळा दाबून लावलं आणि म्हणाली, "पाचला उठून करते हो मी."

दुसऱ्या दिवशी मी चमच्याने तळ खरवडला. डबा विसळलासुद्धा. वहीत लिहिलं, 'सगळं खाल्लं', आणि पुढे हसरा चेहरा काढला. तो हसरा चेहरा, शालू! तो काढायला मला कुणी सांगितलं होतं?

पुढे ते सवयीचं झालं. ज्यांचं उरायचं त्या सगळ्यांच्या वहीत तेच. आया खूश. 'तुमच्याकडे खातो, घरी नाही खात,' असं म्हणायला लागल्या. मला आवडत होतं ऐकायला, खोटं कशाला बोलू.

मागच्या सोमवारी ठोंब्याची आई रिपोर्ट घेऊन आली. सव्वा वर्षाचा झालाय तो. गेला महिनाभर नुसता पडून असायचा, फिक्का. मी म्हणायचे, दात येताहेत. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी विचारलं काय खातो, तर हिने आपली वही पुढे केली. माझं अक्षर. मसूर, अंडं, पालेभाजी, सगळं खाल्लं, सगळं खाल्लं, हसरे चेहरे. डॉक्टर म्हणाले, एवढं खातोय तर लोह जातंय कुठे, आणखी तपासण्या करू.

लोह कुठे जातंय ते मला माहीत होतं. बादलीत.

आणि तेवढंच नाही. दिवसभर भरपेट जेवला म्हणून ती घरी त्याला फक्त दूध द्यायची. आल्यावर बाटली, झोपताना बाटली, रात्री उठला की बाटली, पहाटे एक. हिशेब केला तर लिटरभर. पोटातून आणलेली लोहाची शिदोरी सहाव्या महिन्याच्या सुमाराला सरत येते, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. गाईच्या दुधात लोह नसल्यात जमा, वर पोट भरतं, आणि असलेलं लोहसुद्धा ते नीट शोषू देत नाही. दुधाने भूक मेली म्हणून दिवसा डबा उरायचा, उरलेला मी टाकायचे, टाकलेला खाल्ला म्हणून रात्री पुन्हा दूध. मी मध्ये नसते तर ते गणित तिला पहिल्याच आठवड्यात सुटलं असतं.

गुरुवारी सांगितलं. आत बसवून, दार लावून. वाटलं होतं चिडेल, वही तोंडावर फेकेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग खरं किती खायचा? दोन चमचे? पाच?" मला सांगता येईना. मी बघितलंच नव्हतं. सगळं टाकायचंच असलं की किती उरलंय ते कोण बघतं? शिव्या परवडल्या असत्या.

त्याला लोहाचे थेंब सुरू केलेत. बाटली बंद, दूध कपातून, दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत, आणि तेही जेवणानंतर. डाळीबरोबर टोमॅटो नाहीतर संत्र्याची फोड, म्हणजे लोह अंगी लागतं. मी रोज त्याच्यासमोर चमचा धरून बसते. काल पालेभाजीचा घास हातात घेऊन त्याने तो बोटांत चिरडला, दोन्ही गुडघ्यांना फासला, मग अंगठा चाटला. लिहिलं तसंच. दहा-दहा वेळा समोर आल्याशिवाय पोरं नवी चव घेत नाहीत, तर ही चौथी वेळ धर.

पण मला झोप येत नाही ती बाकीच्या नऊ जणींमुळे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. न सांगता उद्यापासून खरं लिहायला लागले, तर एका रात्रीत नऊ पोरांची भूक मेली असं दिसेल. आणि सांगितलं तर पाळणाघर राहील की नाही देव जाणे. एकदा वाटलं, मावशींवर ढकलावं. हेही तुलाच सांगतेय. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी तुझ्या अक्षरात हवंय.

शेंगदाण्यावरून तू माझ्याशी महिनाभर बोलली नव्हतीस ते आठवतं? मी तो जुना तक्ता भिंतीवरून काढत नव्हते, तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको म्हणणारा. २००० साली अमेरिकेतले डॉक्टर ॲलर्जीचा धोका असलेल्या पोरांना तसंच सांगत होते, माझा काय दोष? २०१५ मध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या त्या ६४० बाळांचा अभ्यास आला, लवकर दिलेल्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी निघाली, आणि तू कात्रण लिफाफ्यात घालून पाठवलंस, सोबत एक ओळसुद्धा नाही. आता पातळ केलेलं कूट देतो, अख्खा दाणा नाही, आणि ज्यांच्या अंगावर चट्टे आहेत त्यांना डॉक्टरांना विचारून. तू जिंकलीस. पण तक्ता मी काढला नाही, तो पावसात भिजून आपोआप पडला, हे लक्षात ठेव.

तुझी बदली झाली म्हणे. आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? मन्याचा निकाल कळव. त्याला म्हणावं, त्याने फेकलेल्या पालकाचा डाग दोन रंग देऊनही भिंतीतून वर येतो.

काम एकच. तुझी ती लांबट वही असली तर पाठव. दिलं, खाल्लं, थुंकलं, फेकलं, असे रकाने होते ना? मी 'हिशेबतपासनीस बाई' म्हणून तुला चिडवायचे. पाचवा एक रकाना होता, तो काही केल्या आठवत नाही. नऊ जणींना बोलवायचं ते पुढच्या शनिवारी, तोवर आली तर बरं.

तुझी,
मंदा

ता. क. द्राक्षं अजून उभी चिरूनच देते, चार-चार फोडी. सुरी तुझीच आहे. परत मिळणार नाही.