भुंग्याचे पाय

ती. बाबा,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कुत्र्याचे पाय पुसायला दहा मिनिटं कशाला लागतात?" मी घाईत होते, "नंतर सांगते" म्हणून ठेवून दिला. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं इथे येताय आणि भुंग्याला सकाळी फिरवायचं काम तुम्ही आपणहून मागून घेतलंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

बर्फ वितळायला लागलंय. डोळ्यांना बरं वाटतं, पण भुंग्याच्या पायांना हेच दिवस जड जातात. हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेलं मीठ, खडी, फुटकी काच, सगळं बर्फाखाली दडलेलं असतं आणि आता उघडं पडतं. मीठ तळव्याच्या गाद्यांना झोंबतं, चिरा पडतात. घरी आला की तो पाय चाटत बसतो, म्हणजे तेच मीठ पोटात. गाडीतून गळलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, तर फारच वाईट. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गाड्या उभ्या असतात तिथलं डबकं दिसलं की त्याला लांबूनच न्या.

घरी आल्यावर कोमट पाण्यात एकेक पंजा बुडवायचा. रोज साबण नको. मग टॉवेलने टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या झाल्याच पाहिजेत, कारण तिथे चिखल आणि ओल राहिली की यीस्ट वाढतं, आंबूस वास येतो, कातडी लाल होते. तो सारखा चाटत राहिला तर लाळेने केसही तांबूस दिसायला लागतात. तसं दिसलं तर मला लगेच सांगा. कधी परागकणांच्या ॲलर्जीनेही असं होतं, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

आता खरं कारण. गेल्या वर्षी याच ऋतूच्या अखेरीला, गवत वाळू लागलं तेव्हा, भुंगा पुढचा उजवा पाय चाटायला लागला. मी रोज पाय धूत होते, पुसत होते, वरून काही दिसत नव्हतं. दोन दिवस तसेच घालवले. तिसऱ्या दिवशी दोन बोटांच्या मध्ये हरभऱ्याएवढी गाठ आली आणि तो पाय टेकवेना. डॉक्टरांनी आतून काय काढलं असेल? कुसळ! आपल्या मोज्यांत रुततं, तसलंच. त्याला मागे वळलेले बारीक दाते असतात, त्यामुळे एकदा कातडीत शिरलं की ते पुढेच सरकत जातं, आपोआप बाहेर येत नाही. भुंगा कण्हलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. ती दोन दिवसांची दिरंगाई मला अजून सलते.

तेव्हापासून नुसतं फडक्याने पुसून मी थांबत नाही. प्रत्येक बोट बाजूला करून आत बघते आणि डोळ्यांनी दिसलं नाही तरी बोट फिरवून चाचपते. तुम्हीही तसंच करा. त्यातच गोचीडही सापडते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल लावायचं नाही, काडी लावायची नाही. नाही जमलं तर राहू द्या, मी संध्याकाळी काढीन.

नखं मी बघते. त्याची नखं काळी असल्यामुळे आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून टोकाचं थोडं थोडंच कापावं लागतं. फरशीवर चालताना टकटक ऐकू आली तर मात्र सांगा. हिरवळीवर खत किंवा तणनाशक नुकतंच मारलेलं असेल तर तिकडे नेऊ नका. आणि भेगांना आपलं कुठलंही मलम लावायचं नाही, बाबा. माणसांची काही मलमं चाटली गेली तर कुत्र्यांना विषारी ठरतात. त्याचं मेण दाराजवळच्या खणात आहे, तेच वापरा.

पुढे ऊन तापलं की डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसवलं नाही तर त्यालाही नाही. मग गवताच्या कडेने न्या.

खाली वाकून बसू नका, तुमच्या गुडघ्यांचं मी विसरलेले नाही. दाराजवळ बाक ठेवलाय, त्यावर तो आपणहून चढतो. आधी पुढचे दोन्ही पाय घ्या. मागचा डावा शेवटी, तो हात लावला की ओढून घेतो. त्या वेळी दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवा, मग देतो.

आईला नमस्कार.

तुमची,
सोनू