पट्टा कुणाच्या हातात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑटिझम असलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या खास पैदाशीच्या कुत्र्यांवरचा आपला कालचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. पण सोबतचा फोटो कुणी पसंत केला? रंकाळा तलावाच्या कडेला पाच-सहा वर्षांचं पोर, त्याच्या कमरेची पट्टी थेट लॅब्राडॉरच्या गळपट्ट्याला बांधलेली, आणि फोटोभर मोठं माणूस औषधालासुद्धा नाही. खाली ओळ काय, तर ‘आता आई-बाबा निश्चिंत’. धन्य!

ही पद्धत खरी आहे. कॅनडात १९९६ साली सुरू झालेल्या नॅशनल सर्व्हिस डॉग्ज या संस्थेने ती रुळवली. पण तिथे जोडी नसते, तिघं असतात: मूल, कुत्रा आणि मोठं माणूस. कुत्र्याला हुकूम देणारा आणि त्याचा मुख्य पट्टा धरणारा नेहमी मोठाच. मुलाच्या कमरेची पट्टी कुत्र्याच्या छातीवरच्या हार्नेसला अडकवायची, गळ्याला कधीही नाही. मूल सुसाट सुटलं की तो हिसका कुत्र्याच्या श्वासनलिकेवर आणि मानेच्या मणक्यांवर बसतो. ताण जाणवला की पाय रोवून जागच्या जागी थांबायचं, हे कुत्र्याला महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. न शिकवलेला कुत्रा उलटं करतो. भेळेचा कागद दिसला की तोच धावतो आणि मागून पोर फरफटतं. रंकाळ्याच्या काठावर!

वजनाचंही लेखात अवाक्षर नाही. २८ किलोचा कुत्रा १६ किलोच्या मुलाला थोपवेल. तेच मूल दहा वर्षांचं, ३५ किलोचं झालं की कुत्र्याचीच हाडं दुखावतील. म्हणजे ही पट्टी लहानपणापुरती. बक्कल एका हाताने झटक्यात सुटणारं हवं. आपल्याकडे तर हवंच हवं, कारण गल्लीच्या तोंडाशी भटकी टोळी अंगावर आली तर आधी मूल मोकळं करायचं, मग कुत्र्याकडे बघायचं. केएमटीच्या बसमध्ये चढता-उतरताना, जिन्यावर, पाण्याजवळ पट्टी सोडलेलीच बरी.

आता ‘लॅब्राडॉरचं पिल्लू आणा, मूल शांत होईल’ हे वाक्य. लेख येऊन दिवस उलटला नाही तोच ‘पिल्लू कितीला मिळेल’ म्हणून विचारणा सुरू झाल्या आहेत. दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, पिल्लू दिसेल ते चावतं. अचानक स्पर्शाने बिथरणाऱ्या मुलाच्या पोटरीला ते एकदा लटकलं की मुलाच्या मनातली भीती वर्षानुवर्षं जात नाही. मग कुत्रा टेरेसवर बांधला जातो आणि मूल खोलीत कोंडलं जातं.

या कामाचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून येतो. आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि मुख्य म्हणजे कुत्रीचा स्वभाव. दचकणारी कुत्री कितीही देखणी असो, तिची पिल्लं घेत नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत पिल्लाला कुकरची शिट्टी, गुळगुळीत फरशी, लिफ्ट, व्हीलचेअर, अनोळखी हात या सगळ्याची ओळख करून देतात. मग वर्षभर किंवा थोडं जास्त एखाद्या कुटुंबात, त्यानंतर प्रशिक्षकाकडे. मुलाच्या घरी तो पोहोचतो दोनेक वर्षांचा होऊन, आणि वाटेत बरेच गळतात. लॅब्राडॉर खादाड असतो, तेही उगाच नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये भुकेशी संबंधित एका जनुकातला दोष दाखवला. घरगुती लॅब्राडॉरमध्ये तो साधारण चौथ्या हिश्श्यात आढळला, मदतनीस कुत्र्यांमध्ये तब्बल ७६ टक्के. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा शिकतो लवकर! पण त्याला मोजूनच खायला घालावं लागतं. आजीने चपातीचे तुकडे सुरू केले की वर्षभरात काम संपलं.

‘आपल्या मुधोळचा कारवानी का नको?’ हा प्रश्न टाळ्यांपुरता ठीक. तो नजरेने शिकार हेरून पळणारा कुत्रा. ससा दिसला की त्याला थांब म्हणून दाखवा! आणि लॅब्राडूडलची, म्हणजे लॅब्राडॉर-पूडल संकराची, ‘ॲलर्जी होतच नाही’ हेही खोटं. केस कमी गळत असतील, पण ॲलर्जीचं मूळ लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतं.

कुत्र्याने ऑटिझम ‘बरा’ होत नाही, तो आजारच नव्हे. उपयोग मात्र मोजता येतो. माँट्रियलच्या २०१० सालच्या अभ्यासात ४२ मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. एरवी जाग आल्यावर ते ५८ टक्क्यांनी वाढायचं. कुत्रा घरी असताना वाढ १० टक्क्यांवर आली आणि कुत्रा परत नेल्यावर पुन्हा ४८ वर गेली. दिवसभराच्या सरासरीत फरक पडला नाही, हेही त्यातच आहे. आपण पहिलं छापलंत, दुसरं गाळलंत.

जाता जाता. पुरवणीच्या मागच्याच पानावर मिरवणुकीच्या डॉल्बीचं कौतुक अर्धं पान! निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कितीही कसलेला कुत्रा त्या भिंतीपुढे टिकत नाही, आणि कान झाकून बसलेल्या मुलाचं तर विचारूच नका.

तरीही कुणाला कुत्रा घ्यायचाच असेल तर आधी ओळखीतल्या शांत, मोठ्या कुत्र्याजवळ मुलाला पंधरा-वीस मिनिटं बसवून बघा, वेगवेगळ्या दिवशी, चार-पाच वेळा. भुंकणं, वास, चाटणं यांपैकी एकही सहन होत नसेल तर विषय तिथेच संपवा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. दीड महिन्याचं पिल्लू पुढे करणाऱ्याला हात जोडा. आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. अपंगत्वाचा दाखला लागतो. त्या फोटोच्या जागेत एवढी माहिती सहज मावली असती.

आपला,
एक श्वानप्रशिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)